पहिल्यांदा निवडणूक लढवताना: ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत तरुण उमेदवाराची पूर्वतयारी

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या सर्व संस्थांची निवडणूक वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या मतदाराला लढवता येते. विधानसभेसाठी २५ आणि विधान परिषदेसाठी ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. वयाची अट पूर्ण झाली की अनेक तरुण थेट प्रचाराच्या तयारीला लागतात, म्हणजे फलक, चित्रफिती, घोषवाक्ये आणि वाढदिवसाचे कार्यक्रम सुरू होतात, आणि कागदपत्रांची आठवण मात्र अर्ज भरण्याच्या आठवड्यात होते. प्रस्तुत लेखात हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे, कारण पहिल्या निवडणुकीत उमेदवाराचे सर्वांत मोठे नुकसान प्रतिस्पर्ध्याकडून होण्याआधी मतदार यादी, आरक्षण आणि अपूर्ण कागद यांच्याकडून होऊ शकते, आणि या तिन्ही गोष्टींचे वेळापत्रक प्रचाराच्या कितीतरी आधी सुरू होते.

पहिली पायरी: कोणती जागा लढवायची

जागा निवडताना त्या संस्थेचे काम काय आहे हे आधी समजून घ्यावे. गावातील पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती आणि घरपट्टी हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे येतात. आमदाराचे मूळ काम कायदे करणे, अर्थसंकल्पावर मत देणे आणि सरकारला प्रश्न विचारणे हे आहे. नगरसेवकपदाच्या उमेदवाराने कारखाना आणण्याचे आश्वासन दिले, तर ते पाळण्याचा अधिकारच त्या पदाला नाही, हे मतदारांपैकी काहींना तरी नक्की कळते.

राज्याच्या राजकारणात खालून वर गेलेल्यांची उदाहरणे सर्वच पक्षांत आहेत. विलासराव देशमुख १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले होते, आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० मध्ये तासगावचे आमदार झाले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूर महापालिकेत नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर झाले. २०२४ मध्ये रोहित पाटील वयाच्या पंचविसाव्या वर्षी तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघातून थेट विधानसभेत गेले हे खरे, परंतु त्यांच्यामागे वडिलांनी, म्हणजे आर. आर. पाटील यांनी, दीर्घकाळ बांधलेला मतदारसंघ होता. असा वारसा नसलेल्या तरुणाने ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण किंवा नगरपरिषदेचा प्रभाग यांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मतदार इतके मर्यादित असतात की प्रत्येक घरी स्वतः जाता येते, आणि पैशाची उणीव पायपिटीने बऱ्याच अंशी भरून काढता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, तर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्ही आयोग वेगळे आहेत, त्यांचे कायदे, नमुने, खर्चमर्यादा आणि मुदतीही वेगळ्या आहेत. विधानसभेला लागू असलेला नियम ग्रामपंचायतीला गृहीत धरणे, किंवा त्याच्या उलट करणे, ही नवख्यांची नेहमीची गल्लत आहे.

दुसरी पायरी: मतदार यादी

ग्रामपंचायतीसाठी उमेदवाराचे नाव त्या गावाच्या, नगरपरिषद किंवा महापालिकेसाठी त्या शहराच्या आणि जिल्हा परिषदेसाठी त्या जिल्ह्यातील मतदार यादीत असावे लागते. ज्या प्रभागातून लढायचे त्याच प्रभागात स्वतःचे नाव असण्याची सक्ती नसते. सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवून सही करणारा मतदार, मात्र त्याच प्रभागाचा असावा लागतो. विधानसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असले तरी चालते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहून तिथेच मतदार झालेल्या तरुणाला गावात निवडणूक लढवायची असेल, तर तो गावी खरोखर राहायला आल्यानंतर नमुना ८ भरून नाव स्थलांतरित करून घ्यावे लागते. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करून उपयोग नसतो. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी तयार करीत नाही. आयोगाने ठरवलेल्या एका तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय विभागली जाते, आणि त्या तारखेनंतर नोंदवलेले नाव त्या निवडणुकीपुरते गैरहजरच राहते. दोन ठिकाणी नाव ठेवण्याचा सोयीस्कर मार्ग कोणी सुचवला, तर तो गुन्हा आहे हे त्याला सांगावे.

प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेण्यासाठी थोडेच दिवस मिळतात. या टप्प्यावर नवीन नावे घातली किंवा काढली जात नाहीत. विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत न आलेले नाव, चुकून शेजारच्या प्रभागात गेलेले घर, लेखनिकाची चूक, एवढेच दुरुस्त होते. तरीही उमेदवाराने ती यादी हातात घेऊन गल्लीनिहाय फिरावे, असा माझा आग्रह आहे, कारण एखादी संपूर्ण वसाहत भलत्याच प्रभागात गेल्याचे अनेकदा याच वेळी उघड होते. शिवाय कोणत्या घरात किती मतदार आहेत, कोण बाहेरगावी आहे, कोणाचे निधन झाले आहे, कोणत्या मुलीचे नाव लग्नानंतर माहेरच्या यादीतच राहिले आहे, ही माहिती प्रचारात ज्या किमतीची ठरते त्या किमतीचे कोणतेही सर्वेक्षण विकत मिळत नाही.

वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे मतदार होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असण्याच्या तारखा, असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. गावातील नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींकडून वेळेत नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, भरून घेणे हे तरुण उमेदवाराचे पहिले सार्वजनिक काम असावे.

तिसरी पायरी: प्रभाग रचना आणि आरक्षणाची सोडत

प्रभागांच्या सीमा आधी प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध होतात, त्यांवर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि सुनावणीनंतर अंतिम रचना जाहीर होते. हरकत लेखी, नकाशासह आणि मुदतीत द्यावी. ओढा, रेल्वेमार्ग किंवा मुख्य रस्ता ओलांडून विनाकारण जोडलेल्या भागावर घेतलेली हरकत ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्या वाक्यापेक्षा अधिक गांभीर्याने वाचली जाते.

त्यानंतर आरक्षणाची सोडत निघते. राज्यातील स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, शिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागासवर्ग (म्हणजे इतर मागासवर्ग) यांच्या जागा वेगळ्या ठरतात. दोन वर्षे एका प्रभागात राबलेल्या तरुणाचा प्रभाग सोडतीत त्याच्यासाठी बंद होऊ शकतो, त्यामुळे शेजारच्या एखाद्या प्रभागातही आपली ओळख आधीपासून ठेवावी. जागा महिलांसाठी राखीव झाली की घरातील स्त्रीला उभे करून कारभार आपण पाहण्याची पद्धत सर्रास दिसते. ज्याला सार्वजनिक जीवनात विश्वास कमवायचा आहे त्याने या वाटेला जाऊ नये, आणि ज्या तरुणीला स्वतः लढायचे आहे तिने सही, बैठक आणि निर्णय या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून आपल्याच हाती ठेवाव्यात.

वेळापत्रकावर फार विसंबूही नये. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्यामुळे राज्यातील अनेक महापालिका २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर रखडलेल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. २०२२ च्या आशेवर नोकरी सोडून बसलेल्याला त्या काळात काय सोसावे लागले असेल, याची कल्पना करता येईल. निवडणूक जाहीर होईपर्यंत उत्पन्नाचे साधन सोडू नये, हा सल्ला म्हणून मी प्रत्येकाला देतो. सरकारी सेवेत असलेल्यांना मात्र सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही, आणि मानधनावर किंवा कंत्राटावर काम करणाऱ्यांनी आपल्या पदाबाबत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधीच चौकशी करावी.

चौथी पायरी: पात्रता आणि अपात्रता

ग्रामपंचायतीच्या बाबतीत तरुणांना थेट लागू होणारी एक अट अनेकांना ठाऊक नसते: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. आज पंचविशीत असलेला प्रत्येक उमेदवार या अटीखाली येतो. पदवीधर असलात तरी शाळेचा दाखला आणि गुणपत्रक जवळ ठेवावे, आणि जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे ना, हे पाहावे.

बाकीच्या अपात्रता घरात बसून तपासण्यासारख्या आहेत. ग्रामपंचायतीचे कर थकलेले नसावेत. घरात शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचे प्रमाणपत्र लागते. सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण नसावे, आणि इथे एकत्र कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीने केलेले अतिक्रमणही अंगाशी येऊ शकते. त्यामुळे आजोबांच्या काळात गायरानात वाढवलेला गोठा हा विरोधकांच्या दृष्टीने फार मोलाचा पुरावा असतो. ज्या संस्थेची निवडणूक लढवायची त्या संस्थेच्या कामाचा ठेका स्वतःच्या नावावर असणे किंवा त्यात आर्थिक हितसंबंध असणे हीदेखील अपात्रता आहे. दोनपेक्षा अधिक अपत्ये असून त्यांपैकी एखाद्याचा जन्म १२ सप्टेंबर २००१ नंतरचा असेल, तरी अपात्रता येते.

राखीव जागेवर लढणाऱ्याने जातीच्या दाखल्यावर थांबू नये. स्थानिक संस्थांसाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते हाती नसल्यास समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन अर्ज भरण्याची सवलत देण्यात येत असली, तरी ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही तर निवडून आलेले पद जाते. या एका कागदामुळे पद गमावलेल्या सदस्यांची प्रकरणे जिल्ह्याजिल्ह्यांत आढळतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, जुने महसुली उतारे आणि वंशावळ जमवण्यास महिने लागतात, म्हणून समितीकडील अर्ज निवडणुकीची चाहूल लागण्याआधीच करावा.

आंदोलनात भाग घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. जमावबंदीचा आदेश मोडल्याचा किंवा रास्ता रोको केल्याचा गुन्हा आपल्यावर नोंदवला गेला होता, हे स्वतः उमेदवारालाच आठवत नाही असे घडते. अर्ज भरण्यापूर्वी संबंधित पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून गुन्ह्याचा क्रमांक, कलमे आणि सद्यःस्थिती लेखी मिळवावी. गुन्हा प्रलंबित असल्याने उमेदवारी बाद होत नाही, मात्र तो लपवल्यास निवड आव्हानास पात्र ठरते.

पाचवी पायरी: पक्ष, पॅनेल की अपक्ष

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. गावात पॅनेल उभी राहतात आणि त्यांच्यामागे कोणता गट आहे हे सर्वांना माहीत असते. सरपंचाची निवड २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून होऊ लागल्यामुळे पॅनेलचा सरपंच एका बाजूचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या बाजूचे, असाही निकाल लागतो. नवख्याने पॅनेलमध्ये शिरताना खर्चाची विभागणी आणि प्रभागातील जोडीदार उमेदवार कोण, या दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

पक्षाकडून लढायचे असल्यास उमेदवारीचा खरा पुरावा म्हणजे एबी फॉर्म, अर्थात हाच आपला अधिकृत उमेदवार असे पक्षाने सहीनिशी कळवल्याचा कागद. नेत्याने दिलेला शब्द, समाजमाध्यमांवरील अभिनंदनाचा वर्षाव आणि अगदी पक्षाच्या यादीतील नावही एबी फॉर्म मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचल्याशिवाय उपयोगी पडत नाही. विधानसभेसाठी ही मुदत अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजता संपते. म्हणून पक्षाचा अर्ज भरतानाच एक अपक्ष अर्जही भरून ठेवण्याची प्रथा आहे आणि ती शहाणपणाची आहे. विधानसभेसाठी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा सूचक लागतात, त्यामुळे हा दुसरा अर्ज दहा सह्यांनिशी तयार असावा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आल्यानंतर पक्षादेश मोडल्यास स्थानिक संस्थेतील सदस्यालाही १९८६ च्या राज्य कायद्याने अपात्र ठरवता येते, हे उमेदवारी मागतानाच विचारात घ्यावे.

सहावी पायरी: अर्ज, शपथपत्र आणि छाननी

विधानसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराची ५,००० रुपये आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ती जप्त होते. स्थानिक संस्थांची अनामत याहून बरीच कमी असते. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, आणि ही सोय चुका झाकण्यासाठीच आहे असे समजून तिचा उपयोग करावा: प्रत्येक अर्जाला वेगळा सूचक घ्यावा, म्हणजे एका सूचकाच्या सहीत किंवा यादीतील क्रमांकात दोष निघाला तरी दुसरा अर्ज टिकतो.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे आणि विधानसभेच्या शपथपत्रात (नमुना २६) समाजमाध्यमांवरील खातीही लिहावी लागतात. एकही रकाना कोरा सोडू नये. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. कोरे रकाने भरण्याची सूचना देऊनही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या तारखेपूर्वी संविधानावरील निष्ठेची शपथ घ्यायची असते. गर्दी, हार आणि घोषणा यांच्या गडबडीत ही शपथ राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून अर्ज दिल्याबरोबर त्याच कार्यालयात ती घ्यावी आणि पोच मागून घ्यावी.

शक्तिप्रदर्शनासाठी शेवटचा दिवस निवडण्याची हौस आवरावी. अर्ज दोन दिवस आधी भरला तर अधिकाऱ्याने दाखवलेली त्रुटी दूर करण्यास वेळ मिळतो. मिरवणूक नंतरही काढता येते.

छाननीच्या दिवशी उमेदवाराने सर्व मूळ कागदांसह, आणि शक्य असल्यास निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलासह, हजर राहावे. विरोधकाने हरकत घेतल्यास उत्तरासाठी वेळ मागण्याचा हक्क आहे.

माघारीच्या मुदतीपर्यंत तरुण उमेदवारावर सर्वांत जास्त दडपण येते. गावाच्या एकोप्यासाठी बिनविरोध निवडणूक करावी, मंदिराला देणगी देणाऱ्याला सरपंचपद द्यावे, असे प्रस्ताव वडीलधाऱ्यांच्या तोंडून येतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदाचा लिलाव झाल्याच्या तक्रारींवरून राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली होती. खऱ्या एकमताने माघार घेणे वेगळे आणि बोलीपुढे माघार घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात धमकी किंवा पैसा आला, तर लेखी तक्रार करावी.

सातवी पायरी: प्रचार आणि हिशेब

प्रचाराविषयी इतके लिहिले आणि बोलले जाते की इथे थोडक्यात पुरे. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापावा. खासगी भिंतीवर मालकाच्या परवानगीशिवाय काही लावू नये. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावा. वाहने, सभा आणि कोपरा सभा यांच्या परवानग्या आधी घ्याव्यात. जात आणि धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरून निवड रद्द होऊ शकते. घरोघरी जाताना आश्वासनांची यादी वाचण्यापेक्षा ग्रामपंचायतीचा मागील वर्षीचा जमाखर्च आणि विकास आराखडा सोबत न्यावा, आणि कोणत्या कामाला निधी मंजूर होऊनही ते अपुरे राहिले हे दाखवावे. हे कागद माहिती अधिकारात मिळतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, तिथे आधीच्या काळात विचारलेले आणि इतिवृत्तात नोंदवून घेतलेले प्रश्न हाच तरुण उमेदवाराचा सर्वांत विश्वासार्ह परिचय असतो.

खर्चाची मर्यादा विधानसभेसाठी २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. स्थानिक संस्थांची मर्यादा सदस्यसंख्येनुसार बदलते आणि वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून चालू आदेशाची प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून घ्यावी. हिशेब रोज संध्याकाळी लिहावा आणि हे काम उमेदवाराने अशा एकाच व्यक्तीकडे द्यावे जी प्रचारात अजिबात फिरणार नाही. मित्राने हौसेने लावलेला फलक, कार्यकर्त्यांचा वडापाव, समाजमाध्यमांवरील सशुल्क जाहिरात, सारे खर्चातच धरले जाते. तरुणांच्या बाबतीत समाजमाध्यमांवरील खर्च मित्रांच्या खात्यातून परस्पर होतो आणि नोंदीतून निसटतो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

आठवी पायरी: मतदान आणि मतमोजणी

प्रत्येक केंद्रावर मतदान प्रतिनिधी म्हणून उत्साही माणसापेक्षा मतदारांना चेहऱ्याने ओळखणारा शांत माणूस नेमावा. विधानसभेच्या मतदानानंतर नमुना १७ क ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत प्रत्येक केंद्रावरून घेतल्याशिवाय प्रतिनिधीने केंद्र सोडू नये, कारण मतमोजणीच्या वेळी यंत्रातील एकूण मतांशी ताळा करण्याचे तेच साधन आहे. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा जागांसाठी स्वतंत्र मते द्यायची असतात, त्यामुळे आपली जागा कोणती हे मतदाराच्या लक्षात राहील असे प्रचारातच वारंवार सांगावे लागते.

नववी पायरी: निकालानंतरचे दिवस

निकालाविरुद्ध दाद मागायची असल्यास मुदत कडक असते: विधानसभेसाठी उच्च न्यायालयात ४५ दिवस, ग्रामपंचायतीसाठी दिवाणी न्यायालयात १५ दिवस. केंद्रनिहाय आकडे, छाननीच्या आदेशाची प्रत आणि घेतलेल्या हरकतींच्या पोचपावत्या पहिल्याच आठवड्यात वकिलासमोर ठेवाव्यात.

खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत सादर करावा लागतो, आणि हा नियम जिंकलेल्या, हरलेल्या आणि बिनविरोध आलेल्या अशा सर्व उमेदवारांना लागू आहे. हरलेला तरुण उमेदवार खचून या कामाकडे पाठ फिरवतो आणि मग आयोगाच्या आदेशाने विधानसभेच्या बाबतीत तीन वर्षांसाठी, ग्रामपंचायतीच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरतो, म्हणजे पुढची निवडणूक लढण्याची संधीही हातची जाते. काहीही खर्च झाला नसेल तरी तसे लिहून हिशेब द्यावा, पोच घ्यावी, अनामत परत मिळण्यास पात्र असल्यास तिचा अर्जही त्याच फेरीत देऊन यावा, आणि ही सर्व कागदपत्रे मतदार यादीच्या खुणा केलेल्या प्रतीसह एका फायलीत लावून ठेवावीत.